राजदूत : एका शेती-अवजाराचा इतिहास

मांडवगण फराट्याला आमच्या घरामागच्या पडवीत १९७४ची एक राजदूत मोटारसायकल उभी आहे. २०२४मध्ये तिला पन्नास वर्षे पुरी झाली. त्याआधीच मी ती सुटी करायला घेतली होती. टाकी, मडगार्ड, चाके उतरली, नुसता सांगाडा उरला, तेव्हा रंगकामाच्या मेस्त्रींनी त्यावरून हात फिरवला. मागच्या बाजूला डावी-उजवीकडे वेल्ड केलेल्या दोन जाड लोखंडी हुकांपाशी त्यांचा हात थांबला. "हे कापून टाकू ना? कंपनीचे नाहीत हे."

मी 'हो' म्हणणारच होतो. पण ते हूक दुधाच्या कॅनसाठी होते, आणि आमच्या घरातली निम्मी वर्षे त्या कॅनवर चालली होती. "थांबा जरा," म्हणालो. तो प्रश्न मग वर्षभर पुरला. जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करायची म्हणजे तिला नेमक्या कोणत्या दिवसाकडे परत न्यायचे? कारखान्यातून निघाली त्या दिवसाकडे, की तिने प्रत्यक्ष काम केले त्या दिवसांकडे? हा प्रश्न एका घरातल्या हौसेपुरता नाही. आपल्या ग्रामीण भागातल्या यंत्रांचा इतिहास कसा जपायचा, याचा तो प्रश्न आहे.

राजदूतचा जन्म मुळात पोलंडमधला. क्येल्त्से शहरातल्या एसएचएल या कारखान्याने 'एम ११' नावाची १७५ सीसी वर्गातली दोन स्ट्रोकची मोटारसायकल काढली. तिचा परवाना घेऊन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्स कंपनीने भारतात 'राजदूत' बनवायला घेतली. नंदा बंधूंनी १९४४ साली लाहोरात सुरू केलेली आणि फाळणीनंतर दिल्लीकडे आलेली ही कंपनी. तिने देशात बनवलेले सुरुवातीचे ट्रॅक्टरही पोलंडच्याच उर्सुस कारखान्याच्या सहकार्याने तयार झाले होते. म्हणजे ट्रॅक्टर आणि राजदूत ही एका घरातली, एकाच माहेरची भावंडे. या नात्याकडे मोटारसायकलींच्या इतिहासात फारसे पाहिले जात नाही. शहरी आठवणीत राजदूत उरली ती १९७३च्या 'बॉबी' चित्रपटातल्या छोट्या जीटीएसमुळे, आणि धर्मेंद्र यांच्या जाहिरातींमुळे. संग्राहकांचे प्रेम मद्रासच्या बुलेटला आणि म्हैसूरच्या जावा-येझदीला मिळाले. साधी राजदूत मात्र 'दूधवाल्याची गाडी' म्हणून बाजूला राहिली. माझ्या मते तिचे खरे ऐतिहासिक महत्त्व त्या हेटाळणीच्या नावातच आहे.

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या टोकाचे, भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले गाव. तालुक्याचे ठिकाण एका बाजूला, दौंडचे रेल्वे जंक्शन दुसऱ्या बाजूला, जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेले काष्टी नदीपलीकडे. दोन्हीकडे नदी असूनही हा मुलूख पर्जन्यछायेचा. १९७२च्या दुष्काळाने इथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे नुसत्या पिकावर भरवसा ठेवायचा नाही, घरात रोज थोडा का होईना पैसा येत राहिला पाहिजे. असा पैसा देणारी वस्तू म्हणजे दूध. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ'ने संकरित गाईंचा प्रसार हाती घेतला आणि पुढच्या काळात पुणे-नगरच्या या पट्ट्यातल्या गोठ्यांचे रूप पालटत गेले. गावठी गाय घरापुरते दूध देई, संकरित गाय विकण्यापुरते देऊ लागली.

पण दूध वाट पाहत नाही. उन्हाळ्यात धार काढल्यापासून काही तासांतच ते नासायच्या वाटेला लागते. सायकलवर कॅन बांधून जाणारा माणूस त्या वेळात जेवढे अंतर कापील, तेवढ्याच वर्तुळातले दूध विकले जाणार. मोटारसायकल आली आणि वर्तुळाची त्रिज्या वाढली. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते, हे शाळेतले गणित. रस्त्यापासून लांब, मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांचे दूध संकलन केंद्रापर्यंत पोचू लागले ते या गणितामुळे. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे दुधाचेच ऐंशी किलोंहून जास्त वजन, शिवाय कॅनचे आणि चालवणाऱ्याचे. रस्ता म्हणजे बहुतेक बैलगाडीची चाकोरी. अशा ओझ्याखाली वेग कामाचा नसतो, तर हळू चालतानाची ओढ आणि जाड सांगाडा कामाचा असतो. राजदूतकडे नेमके तेच होते. म्हणून ती आमच्याकडे वाहन म्हणून आली नाही. नांगर, मोट, इंजिन यांच्या रांगेतले एक अवजार म्हणून आली.

अवजाराचा नियम असा, की ते वापरणाऱ्याला दुरुस्त करता आले पाहिजे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही, वेगळा तेलाचा पंप नाही. पेट्रोलमध्येच लिटरमागे साधारण चाळीस मिली तेल मिसळायचे. हेड उतरवले की पिस्टन समोर दिसतो. रिंगा झिजल्या की किक हलकी लागते. सायलेन्सर कार्बनने तुंबला की गाडी चढाला दम टाकते. मग तो काढून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा, थंड झाल्यावर आपटून काजळी झाडायची. कॉन्टॅक्ट पॉइंट काळे पडले की काडेपेटीच्या घासायच्या बाजूने साफ करायचे. पॉइंटमधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर हवी. फिलर गेज घरात नसेल तर दाढीची चार पाती एकत्र धरायची, कारण एक पाते साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. आमच्याकडे वडील हे सारे पडवीत करत, आणि चुलीजवळची काडेपेटी नेली म्हणून आई रागावत असे. या विद्येचे पुस्तक नव्हते. ती एका पडवीतून दुसऱ्या पडवीत पाहून पाहून गेली.

जुनी गाडी उघडली की हा सारा इतिहास वाचता येतो. आमच्याच तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, आणि माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन थरांतून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जगणे उलगडून दाखवले. तिथल्या संशोधकांनी वरचा थर 'नंतरची भर' म्हणून फेकून दिला असता, तर दुष्काळी काळात त्या गावाने काय केले हे आपल्याला कधीच कळले नसते. राजदूत सुटी करताना मला त्या पद्धतीची आठवण झाली आणि मी एक वही घातली. जे निघेल त्याचे आधी टिपण, मग साफसफाई.

पहिला पुरावा पिस्टनचा. सिलिंडर झिजला की तो लेथवर किंचित मोठा करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. हे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ असे मिलिमीटरच्या पाव-पावाने वाढत जातात, आणि माप माथ्यावर कोरलेले असते. आमच्या पिस्टनवरची काजळी खरवडली तेव्हा ०.७५ हा आकडा निघाला. मधली मापे गाळलेली नसतील तर या गाडीचा तीनदा बोअर झाला आहे. घरातल्या दुधाच्या जुन्या वह्यांत फॅटच्या आकड्यांशेजारी वडिलांनी 'रिंगा टाकल्या', 'बोअर केला' अशा नोंदी केल्या आहेत. यंत्रातला आकडा आणि वहीतली ओळ एकमेकींना दुजोरा देतात. दुसरा पुरावा पुढच्या चाकाचा. राजदूतचे पुढचे चाक आडव्या झुलत्या दांड्यांवर असते आणि दांड्यांच्या सांध्यांत बुश असतात. आमच्या गाडीतले दोन बुश सारखे नाहीत. एक कारखान्याचा आहे आणि दुसरा लेथवर घडवलेला, पितळी, वंगणासाठी आत हाताने चर पाडलेला. तिसरा पुरावा ते हूक. त्यांच्या वेल्डिंगचे दोन थर दिसतात, म्हणजे ते एकदा तुटून पुन्हा जोडलेले आहेत. त्याखाली सांगाड्याच्या नळीला आतून एक पट्टी दिली आहे. ओझे वाढत गेले आणि गाडी त्याला पुरी पडावी म्हणून कोणीतरी विचार केला, हे त्या पट्टीवरून कळते. हे वाचायला कंपनीचे कोणतेही माहितीपत्रक उपयोगी नाही.

सगळ्यात वरचा थर आजचा आहे, आणि तो आमच्या ऊसपट्ट्यातूनच आला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांतली दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रातली. २००३मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, २०२२मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेले, २०२३पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, ही शेतकऱ्याच्या हिताची गोष्ट. पण १९७४च्या यंत्राला ते मानवत नाही. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पेट्रोल कॉकमधले बुचाचे वॉशर खराब होतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसते. दोन स्ट्रोकच्या गाडीत हे अधिक धोक्याचे, कारण तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिनाला आधी तळचा, जवळजवळ बिनतेलाचा थर मिळतो. पिस्टन जाम व्हायला तेवढे पुरे. तेव्हा या गाडीने ज्या शेतीला उभारी दिली, तिच्याच उसाचा रस आता तिच्या टाकीत उतरून तिला आतून खातो आहे.

उपाय घरच्या घरी करता येतात. इंधनाच्या नळ्या आणि वॉशर व्हायटॉनसारख्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालायचे. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक माप मोठा घ्यायचा, कारण या पेट्रोलात मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. तेल लागेल तेवढ्याच पेट्रोलात मिसळायचे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करायची. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात सुटे भाग अजून मिळतात. पण नवा भाग घेण्याआधी जुना जपून ठेवायचा आणि त्यावर तारखेची चिठ्ठी बांधायची, हा मी घालून घेतलेला नियम.

आणि इथे कायद्याशी गाठ पडते. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकी त्यात येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. नव्याने नोंदवलेल्या वाहनाला 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, आधीच नोंदवलेल्याला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. असे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन यांसाठी आणता येते. या साऱ्याला हरकत घ्यावी असे काही नाही. खरी अडचण व्याख्येत आहे. वाहन मूळ रूपात राखलेले हवे, आणि सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको.

शहरातल्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीला ही व्याख्या शोभते. पण शेतावर राबलेली गाडी बदलली म्हणूनच टिकली. जिच्यात बदल झाले नाहीत, ती विशीतच भंगारात गेली. 'मूळ रूप' हीच इतिहासाची एकमेव कसोटी धरली, तर मालकाच्या हाती जुनेपण टिकवायला एकच मार्ग उरतो. तो म्हणजे हूक कापायचे, पट्टी घासून काढायची, कारखान्याचा रंग चढवायचा आणि पन्नास वर्षे काही घडलेच नाही असे दाखवायचे. असे केले की प्रदर्शनाला एक गाडी मिळते, पण एक दस्तऐवज नष्ट होतो. व्याख्येत एवढीच भर पडावी असे मला वाटते, की कामाच्या गरजेतून झालेले आणि त्या काळाचा पुरावा देता येईल असे बदल हे त्या वाहनाच्या मूळ इतिहासाचाच भाग मानावेत. पुरावे आहेत. ते पिस्टनच्या माथ्यावर आहेत, दुधाच्या वह्यांत आहेत.

हे सारे मेस्त्रींना सांगायला मी पुन्हा गेलो. त्यांनी ऐकून घेतले. मग हुकांवरचा गंज ब्रशने काढला, वेल्डिंगचे दोन्ही थर बोटाने चाचपले आणि म्हणाले, "दुसरा टाका चांगला आहे. ज्यानं मारला त्याला काम येत होतं." सांगाड्याला काळा रंग लागला, हुकांसकट. व्हिंटेजसाठी अर्ज मी केलेला नाही. पॉइंटची फट बरोबर आहे, किक तिसऱ्याला लागते. परवा पहाटे, कॅन न लावता, शेजारच्या मळ्यापर्यंत जाऊन आलो. चाकोरीतून जाताना रिकामे हूक खडखडत होते.