थेम्स नदी आणि तिचे चित्रकार

नदी तीच आणि तिचें पाणीहि तेंच, असें आपण सहज बोलून जातों. परंतु लंडनच्या थेम्स नदीचीं निरनिराळ्या शतकांतील चित्रें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, म्हणजे एकाच नांवाच्या अनेक नद्या समोर आहेत असें आम्हांस वाटूं लागतें.

अब्राहम हाँडियसनें १६७७ सालीं रंगविलेली थेम्स गोठलेली आहे. तिच्यावर लोक पायीं हिंडत आहेत. तेव्हांचे हिवाळे कडक खरे. पण जुन्या लंडन-पुलाच्या अरुंद कमानींनीं प्रवाह मंदावे, हेंहि एक कारण होतें. १८३१ सालीं नवा पूल होऊन जुना पाडला गेला, आणि बर्फावरच्या जत्रा चित्रांपुरत्याच उरल्या.

पुढें शहराची सारी घाण नदींत येऊं लागली. १८५८ च्या उन्हाळ्यांत दुर्गंधीमुळें पार्लमेंटांत औषधी चुन्यानें भिजविलेले पडदे लावावे लागले. तेव्हां कोठें बॅझलजेट ह्या इंजिनियराच्या भुयारी गटारांची योजना मार्गी लागली. त्यानें बांधलेला व्हिक्टोरिया तट १८७० सालीं खुला झाला, आणि त्याच दशकांत व्हिस्लरनें निळ्या रात्रीची थेम्स रंगविली.

१८९९ ते १९०१ ह्या काळांत मोने तीनदां लंडनला आला. धुक्यावांचून लंडनला शोभा नाहीं, असा त्याचा अभिप्राय होता. त्याच्या चित्रांतला सूर्य जांभळ्या धुक्यांतून नदीवर केशर शिंपितो. पण तें निव्वळ धुकें नव्हतें. त्यांत कोळशाचा धूर होता. १९५२ च्या डिसेंबरांत अशाच धुक्यानें हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ सालीं धूर रोखणारा कायदा झाला.

मग चित्रकार खोटा ठरतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. डोळ्यांस दिसलें तें त्यानें प्रामाणिकपणें दिलें. चित्राला वास येत नाहीं, हा त्याचा दोष नव्हे. चित्राशेजारीं गटारांचा अहवाल ठेवून जो पाहतो, त्यालाच नदीचा इतिहास कळतो. १९५७ सालीं जीवशून्य ठरलेल्या थेम्समध्यें, मैलाशुद्धीकरण सुधारल्यावर, मासे परतले.

मुठेच्या पुलावर संध्याकाळचे रंग पाहण्यास आम्ही थबकतों, आणि दुसऱ्याच क्षणीं नाकाला रुमाल लावून पुढें जातों. ते रंग आणि तो रुमाल, दोन्ही लक्षांत ठेवावयाचे, एवढा धडा आम्हीं ह्या चित्रांपासून घेतला आहे.