चिंचपाड्याच्या रुग्णालयाची वंशावळ

पूर्वी पश्चिम खानदेशच्या, पुढे धुळ्याच्या आणि १९९८ पासून नंदुरबारच्या अमलाखाली आलेल्या नवापूर तालुक्यात, मावची भिल्लांच्या वस्तीत, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा येथे १९४२ साली ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय उभे राहिले. ते चालविणारे मिशन फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० साली शिकागोत स्थापिले होते. परंतु या सेवेची वंशावळ तेथे थांबत नाही; ती आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीपर्यंत मागे जाते.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोमन बादशहास सादर केलेल्या कैफियतीत आपल्या मंडळीचा रिवाज नमूद केला आहे: रविवारच्या उपासनेत ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे व राजीखुशीने द्यावे, जमा झालेली रक्कम प्रमुखाच्या हवाली व्हावी, आणि त्याने तीतून अनाथ, विधवा, रुग्ण, बंदिवान व परदेशी वाटसरू यांचा परामर्श घ्यावा. इ.स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीच्या आश्रयास असलेल्या विधवा व गरजूंची संख्या पंधराशेहून अधिक सांगतो. मला येथे करुणेइतकेच त्या कारभाराचे अप्रूप वाटते; दया क्षणिक उमाळ्यावर न सोडता तिला त्यांनी जणू दप्तर दिले. चौथ्या शतकात सीझरियाचा बिशप बॅसिल याने रुग्ण, कुष्ठी व प्रवासी यांच्यासाठी नगराबाहेर वसाहतच उभारली.

चिंचपाड्यात धर्मप्रसाराचा हेतू नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; तथापि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेल्या या मुलुखात वैद्यकाची गरज त्या हेतूविषयीच्या वादाहून निकडीची होती. पुढे या रुग्णालयाचा कारभार १९७० साली भारतात स्थापन झालेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आला.