विटपिलेन 250: दिसायला वेगळी, मग चाहत्यांच्या तक्रारी कशाबद्दल?

हस्कवर्ना विटपिलेन 250 ही रेट्रो धाटणीची रोडस्टर मोटारसायकल आहे. नाव स्वीडिश, डिझाइन ऑस्ट्रियातलं आणि उत्पादन पुणे जिल्ह्यातल्या चाकणमध्ये बजाज ऑटोच्या कारखान्यात. रील्समध्ये ही गाडी दिसली की खाली दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया येतात: "काय दिसते!" किंवा "ही असली कसली?" गाडीच्या दिसण्याबद्दल आणि दोषांबद्दल चाहते नेमकं काय म्हणतात, आणि धाराशिव जिल्ह्यासारख्या भागात त्या मतांचा अर्थ काय होतो, ते समजून घेऊ.

रोडस्टर आणि रेट्रो म्हणजे काय?

मोटारसायकलींच्या भाषेत रोडस्टर म्हणजे पुढे मोठं प्लास्टिकचं आवरण नसलेली, इंजिन उघडं दिसणारी, रोजच्या रस्त्यावर चालवायची गाडी. रेट्रो म्हणजे जुन्या काळाची आठवण करून देणारी. विटपिलेनला 'निओ-रेट्रो' म्हणतात, कारण गोल हेडलाइट आणि साधी आकृती जुनी असली तरी रेषा अगदी आजच्या आहेत.

नाव कुठून आलं?

स्वीडिश भाषेत विटपिलेन म्हणजे 'पांढरा बाण'. तिची जोडीदार स्वार्टपिलेन म्हणजे 'काळा बाण'. दोन्ही नावं 'सिल्व्हरपिलेन' म्हणजे 'चंदेरी बाण' या 1955 च्या हस्कवर्नावरून आली आहेत. त्या काळी स्वीडनमध्ये 16 वर्षांच्या मुलांना 75 किलोपर्यंतची हलकी मोटारसायकल चालवता येत असे. सिल्व्हरपिलेन त्या मर्यादेत बसवलेली होती, म्हणून ती तरुणांची गाडी ठरली.

2013 मध्ये हस्कवर्नाचा मोटारसायकल व्यवसाय बीएमडब्ल्यूकडून केटीएमच्या मालकांकडे गेला. 2014 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात विटपिलेन आणि स्वार्टपिलेन 401 चे नमुने मांडले गेले. डिझाइन ऑस्ट्रियातल्या किस्का या संस्थेचं होतं. भारतात या गाड्या 250 सीसी रूपात डिसेंबर 2019 मध्ये गोव्याच्या इंडिया बाइक वीकमध्ये पहिल्यांदा दिसल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये त्या बाजारात आल्या, तेव्हा सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 1.80 लाख रुपये होती.

दिसण्यावर दोन मतं का?

आवडणाऱ्यांचा मुद्दा असा की या गाडीवर फालतू काहीच नाही. भडक स्टिकर नाहीत, टोकदार प्लास्टिक नाही. टाकीपासून सीटपर्यंत एकच आकार वाहत गेल्यासारखा दिसतो. याच इंजिनाची केटीएम 250 ड्यूक शेजारी उभी केली, तर दोघींचं यांत्रिक नातं असूनही चेहरा पूर्ण वेगळा वाटतो.

न आवडणाऱ्यांना हाच साधेपणा अर्धवट वाटतो. मागची बाजू तोडून टाकल्यासारखी, टाकी विचित्र आणि गाडी किमतीच्या मानाने लहान, असं त्यांचं म्हणणं.

या मतभेदाला आठवणींचीही एक बाजू आहे. रेट्रो गाडी आवडते ती आठवणीमुळे. मराठवाड्यात जुनी मोटारसायकल म्हटलं की राजदूत, येझदी किंवा बुलेट आठवते: लांब सपाट सीट, मोठी टाकी, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. सिल्व्हरपिलेन इथे कुणीच पाहिलेली नाही. त्यामुळे युरोपात जी गाडी 'जुन्याची आठवण' वाटते, ती धाराशिवच्या चौकात एकदम नवी आणि अनोळखी दिसते.

पहिल्या पिढीतले दोष कोणते?

2020 च्या गाडीत 248.8 सीसीचं, 30 पीएस ताकदीचं इंजिन होतं. इंजिन, ब्रेक आणि वळणावरची पकड याबद्दल चाहत्यांची फारशी तक्रार नव्हती. नाराजी प्रामुख्याने पुढच्या गोष्टींवर होती.

- खाली झुकलेलं हँडल: विटपिलेनचं हँडल दोन तुकड्यांचं आणि खाली बसवलेलं होतं. दिसायला सुंदर, पण गावातल्या गर्दीत मनगटावर आणि कमरेवर भार येतो.
- छोटी टाकी: क्षमता फक्त 9.5 लिटर. लिटरला 30 किलोमीटर धरले तरी पूर्ण टाकीत 285 किलोमीटर.
- उंच सीट: जमिनीपासून सुमारे 840 मिलिमीटर. बेताच्या उंचीच्या चालकाला दोन्ही पाय टेकवणं अवघड.
- डबल सीटची अडचण: मागची जागा आखूड. मोठ्या माणसाला लांबचा प्रवास त्रासाचा.
- गोल डिस्प्ले: आकार गाडीला शोभणारा, पण उन्हात आकडे पटकन वाचता येत नाहीत, असं अनेकांचं मत.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यातला एकही दोष यंत्र बिघडण्याचा नाही. टाकी लहान, कारण आकार सडपातळ ठेवायचा होता. मागची सीट आखूड, कारण शेपूट छोटी हवी होती. ज्या गोष्टींमुळे गाडी आवडते, त्याच गोष्टींमुळे ती गैरसोयीची होते.

2024 मध्ये काय बदललं?

जानेवारी 2024 मध्ये नवी विटपिलेन 250 आली, किंमत 2.19 लाख रुपये एक्स-शोरूम. इंजिन नवं, 31 पीएसचं. खाली झुकलेलं हँडल गेलं आणि वर असलेलं सरळ हँडल आलं. टाकी 13.5 लिटरची झाली, सीटची उंची 820 मिलिमीटरवर आली, गोल डिस्प्लेच्या जागी 5 इंची डिस्प्ले बसला. त्याच अ‍ॅव्हरेजने हिशेब केला तर पूर्ण टाकीत अंतर 405 किलोमीटरपर्यंत जातं.

म्हणजे बहुतेक तक्रारींवर उत्तर मिळालं. तरीही चाहते एकमताचे झाले नाहीत. पहिली गाडी जास्त धाडसी होती, नवी सोयीची असली तरी तिची धार कमी झाली, असं मानणारे आहेत. दुसरा गट म्हणतो की रोज चालवता येत नाही, त्या गाडीच्या धाडसाचं करायचं काय?

धाराशिवच्या रस्त्यावर हे दोष किती मोठे?

जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी-बीड हा राष्ट्रीय महामार्ग 52, आणि नळदुर्ग-उमरगा मार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65. या रस्त्यांवर रोडस्टर मजेत चालते. पण वाऱ्याला अडवणारं आवरण पुढे नसल्याने वेग वाढला की सगळा वारा छातीवर येतो.

खरी परीक्षा आतल्या रस्त्यांवर होते. गावोगावचे गतिरोधक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, मे महिन्यात चाळिशीपार ऊन. इथे उन्हात न दिसणारा डिस्प्ले किंवा मनगटावरचा भार ही किरकोळ बाब राहत नाही. धाराशिवहून पुण्याला साधारण 250 किलोमीटर पडतात. जुन्या गाडीची 9.5 लिटरची टाकी एवढ्या अंतराला जेमतेम पुरते, म्हणून वाटेत पेट्रोल भरणं शहाणपणाचं.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न घरचा आहे. अनेक कुटुंबांत एकच मोटारसायकल असते. तिच्यावर मुलगा कॉलेजला जातो, वडील शेतात जातात आणि आई मागे बसून तुळजापूरला दर्शनाला जाते. दोन लाखांहून जास्त पैसे, बहुधा हप्त्यावर, घालताना गाडी एकाला आवडून भागत नाही. मागे बसणाऱ्याचंही मत धरावं लागतं.

घेण्याआधी काय पाहावं?

1. फोटोवरून ठरवू नये. दोन्ही पाय टेकतात का, ते उभ्या गाडीवर बसून बघावं.
2. घरातल्या मागे बसणाऱ्या व्यक्तीला सोबत नेऊन डबल सीट चक्कर मारावी.
3. जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि बाहेरचे सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे आधी विचारावं. इंजिन केटीएमशी जवळचं असलं तरी टाकी, दिवा आणि पॅनेल या गाडीचेच असतात.
4. सेकंड हँड घेताना पिढी तपासावी. 2020 ची आणि 2024 ची विटपिलेन नावाने एक असली तरी बसायला दोन वेगळ्या गाड्या आहेत.

एकटा चालक, शहरातला छोटा प्रवास आणि वेगळं दिसण्याची हौस असेल, तर पहिल्या पिढीचे दोष बरेच जण हसत सोसतात. घरातली एकमेव गाडी म्हणून पाहायची असेल, तर नवी पिढी अधिक सोयीची. पण तिथेही शेवटचा निर्णय मागच्या सीटवर बसून झालेला बरा.