मीठ, माप आणि विश्वास

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याची अशी समजूत असते कीं, आतां रंगीबेरंगी धूर, भडके आणि चमत्कार पाहावयास मिळणार. प्रत्यक्षांत त्याच्या हातीं येतो तो एक तराजू, एक उष्णतामापक, एक रेषा आंखलेली कांचेची नळी आणि एक कोरी वही. वजन करा, आकारमान मोजा, उष्णतामान पाहा, आणि जें दिसेल तेंच लिहा, एवढाच त्यास उपदेश होतो. "हें तर वाण्याचें काम!" असा उद्गार पुष्कळ तरुणांच्या तोंडून अशा वेळीं निघतो. हा उद्गार तुच्छतेनें काढलेला असला, तरी तो खोटा नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. मोजण्याची विद्या प्रयोगशाळेंतून बाजारांत गेलेली नसून बाजारांतून, मिठागरांतून आणि जकातीच्या नाक्यावरून ती प्रयोगशाळेंत आली. याचा पुरावा शोधावयास पॅरिस किंवा लंडन गांठण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांस तो आपल्या घराच्या खिडकींतूनहि दिसण्याजोगा आहे.

ज्या भूमीवर आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड हीं उपनगरें वसलीं आहेत, ती जुन्या साष्टी बेटाची भूमि होय. पोर्तुगीजांकडून ती मराठ्यांनीं १७३९ च्या सुमारास जिंकून घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडून ती इंग्रजांच्या हातीं गेली. राज्यें बदललीं, परंतु बेटाच्या पूर्वेकडील खाडीच्या कडेनें मुलुंड, भांडुप, कांजूर व घाटकोपर या बाजूंस पसरलेलीं मिठागरें मात्र प्रत्येक राज्यास हवीं होतीं. आगरी समाजाचें नांवच मुळीं आगर या शब्दावरून पडलें आहे, यावरून या धंद्याची मुळें किती खोल गेलीं आहेत हें दिसून येईल.

मिठागर म्हणजे उघड्या आकाशाखालची एक विस्तीर्ण रसायनशाळाच होय. समुद्राच्या एक हजार भाग पाण्यांत सुमारें पस्तीस भाग क्षार असतात, आणि त्यांतील तीनचतुर्थांशांहून अधिक भाग आपल्या खाण्याच्या मिठाचा असतो. भरतीचें पाणी प्रथम मोठ्या कोंडींत घेतात, आणि ऊन व वारा यांच्या साहाय्यानें तें आटवीत एका खाचरांतून दुसऱ्यांत नेतात. या पाण्यांतील सारे क्षार एकाच वेळीं खालीं बसत नाहींत. त्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम चुन्याचे क्षार बसतात, पाणी मूळच्या सुमारें दशांशावर आल्यानंतर मीठ बसूं लागतें, आणि त्याहि पलीकडे आटवीत गेल्यास मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठांत मिसळतात. हे कडू क्षार मिठांत राहिले म्हणजे पावसाळ्यांत बरणींतील मिठास पाणी सुटतें, हा अनुभव घरोघरच्या गृहिणींस आहेच. तेव्हां मीठ बसूं लागल्यावर तें केव्हां ओढावें आणि उरलेलें कडू पाणी केव्हां सोडून द्यावें, या निर्णयावर मालाची सारी प्रत अवलंबून असते. अनुभवी आगरी हें नजरेनें जाणतो. परंतु नजर ही एकाची असते. ती दुसऱ्यास देतां येत नाहीं व वहींत लिहूनहि ठेवतां येत नाहीं.

ही अडचण दूर करणारें साधन आंत्वान बोमे या फ्रेंच औषधिविक्रेत्यानें १७६८ सालीं तयार केलें. कांचेची एक बंद नळी, तिच्या तळाशीं वजन आणि वरच्या बारीक दांड्यावर रेषा, इतकेंच तें यंत्र. पाणी जितकें दाट, तितकी नळी वर तरंगते. यांतील खरी मौज रेषा आंखण्याच्या रीतींत आहे. शुद्ध पाण्यांत नळी जेथें ठरते तेथें बोमेनें शून्य मांडलें, आणि पंधरा भाग मीठ व पंच्याऐंशी भाग पाणी यांच्या द्रावणांत ती जेथें ठरते तेथें पंधरा. म्हणजे जगभर आम्लें, पाक व क्षारद्रव्यें मोजणाऱ्या या मापाचा पाया साध्या मिठावरच घातलेला आहे. समुद्राचें पाणी या मापानें तीन ते साडेतीन अंशांचें भरतें, सुमारें पंचविसाव्या अंशास मीठ बसूं लागतें, आणि तिसाव्या अंशाच्या आसपास कडू पाणी सोडून द्यावयाची वेळ होते. आज जो विद्यार्थी प्रयोगशाळेंत द्रवाची घनता काढावयास शिकतो, तो हेंच काम करीत असतो.

मीठ तयार झालें म्हणजे तें मोजावें लागतें, आणि येथूनच मनुष्यस्वभावाचा संबंध सुरू होतो. आपल्या जुन्या व्यवहारांत धान्यादि पदार्थ वजनापेक्षां मापानेंच अधिक देत-घेत. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली व दोन अधोल्या म्हणजे एक पायली, असें हें कोष्टक मागील पिढीस तोंडपाठ असे. परंतु माप शिगेचें कीं सपाट, हा वाद कोष्टकानें मिटत नसे. देणारा सपाट भरी, घेणारा शीग मागे, आणि सारा वसूल करणारा बलिष्ठ असल्यास शीग त्याच्याच बाजूस चढे. शिवाय जाड खड्याचें मीठ व बारीक मीठ एकाच मापांत भरलें असतां वजन निराळें येतें, हें वेगळेंच.

वजनांची तऱ्हाहि याहून फारशी बरी नव्हती. मुंबईच्या बाजारांतील मण २८ पौंडांचा, तर सरकारी मण ऐंशी तोळ्यांच्या चाळीस शेरांचा, म्हणजे ८२ पौंडांहून किंचित् अधिक. एकाच शहरांत 'मण' या एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि त्यांत जवळजवळ तिपटीचें अंतर! कापसाची मुंबई खंडी ७८४ पौंडांची, तिची ३५५.६ किलोग्रॅम अशी किंमत मांडून व्यापारी आजहि तीच वापरतात. १८३३ सालच्या कायद्यानें तोळा १८० ग्रेनांचा ठरला व रुपयाचें नाणेंहि तेवढ्याच वजनाचें पाडण्यांत आलें. त्यामुळें ज्याच्या गांठीं खरा रुपया, त्याच्या गांठीं खरें वजनहि, अशी सोय झाली. परंतु सोय झाली म्हणून घोंटाळा संपला असें झालें नाहीं.

या घोंटाळ्याचें मोल कोण देत होतें, हें मिठावरील कराकडे पाहिलें म्हणजे कळतें. १८८२ सालीं हा कर सरकारी मणास दोन रुपये ठरला, १८८८ सालीं तो अडीच रुपये झाला. अडीच रुपयांचे चाळीस आणे होतात व मणाचे चाळीस शेर; म्हणजे शेरास एक आणा, आणि तोहि जी वस्तु राजास व रंकास सारखीच लागते तिच्यावर. पुढें १९०७ सालीं हा कर एक रुपयापर्यंत उतरला, परंतु १९२३ सालीं पुन्हां अडीच रुपयांवर नेण्यांत आला, व लोकक्षोभानंतर दुसऱ्याच वर्षीं सव्वा रुपया झाला. १९३० च्या सत्याग्रहांत विलेपार्ले येथें सत्याग्रहींची छावणी उभी राहिली आणि वडाळ्याच्या मिठागरावर चढाया झाल्या, त्या या करासाठींच. १९४७ सालीं तो उठला. कर वजनावर असला म्हणजे तराजूचा प्रत्येक झोल गरिबाच्या खिशांत हात घालतो. ओल्या मिठावर कर भरणारा तर कांहीं अंशीं पाण्यावरहि कर भरीत असतो. प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यास "पदार्थ वाळवा, थंड करा, तोला, आणि वजन स्थिर होईपर्यंत पुन्हां वाळवा" असें जें बजावतात, त्या कंटाळवाण्या आज्ञेमागें केवढा न्याय दडलेला आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

युरोपांतहि हीच कथा घडली. ज्या ब्यूरेटशीं विद्यार्थ्याची आज झुंज चालते, तिचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील रुआन् येथें देक्रुआझील याच्या खटपटींत आहे. कापड धुवून पांढरें करणाऱ्यांस विकत घेतलेल्या द्रव्याचा कस पाहावयाचा होता. विकणाऱ्याच्या शब्दावर त्यांचा भरंवसा नव्हता. म्हणून रेषा आंखलेली नळी निघाली. १८२४ सालीं गे-ल्युसाक यानें तिला ब्यूरेट हें नांव दिलें, व १८५५ च्या सुमारास मोर या जर्मन रसायनज्ञानें तिला आजच्यासारखें रूप आणलें. नळींतील पाण्याचा पृष्ठभाग मध्यें खोलगट असतो. त्याचा तळ डोळ्याच्या समपातळींत आणून वाचावा असा नियम आहे. बाजारांतील शिगेचा वाद आणि या वक्र पृष्ठभागाचा वाद मूलतः एकच होय. फरक इतकाच कीं, प्रयोगशाळेनें तो सर्वांस सारखा लागू पडणाऱ्या एका नियमानें मिटविला.

स्वतंत्र भारतानें हेंच कार्य देशाच्या प्रमाणावर केलें. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनें प्रचारांत येऊं लागलीं, आणि शेर व मण हळूहळू म्हणींपुरते उरले. प्रमाण वजनें घडविण्याचें काम मुंबईची टांकसाळ आजहि करते. याच काळांत साष्टीच्या भूमीवर विद्येची पेरणी चालली होती. अंधेरीस भवन्स महाविद्यालय १९४६ सालीं निघालें, पवईस भारतीय तंत्रविद्या संस्था १९५८ सालीं सुरू झाली. प्रयोगशाळा वाढल्या तशी कांचेच्या उपकरणांची गरज वाढली. कांचेचा धंदा महाराष्ट्रास नवा नव्हता. तळेगांवचा पैसाफंड कारखाना १९०८ सालचा व ओगले बंधूंचा १९१६ सालचा. परंतु प्रयोगशाळेची कांच निराळी. तापविली असतां ती फार फुगूं नये व तडकूं नये. अशी बोरोसिलिकेट कांच करणारी बोरोसिल कंपनी १९६२ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंगच्या तांत्रिक सहकार्यानें स्थापन झाली, आणि तिचा कारखाना अंधेरीजवळ मरोळ येथें होता. आज तो तेथें नाहीं. तरी देशांतील असंख्य विद्यार्थ्यांनीं आपली पहिली मोजणी ज्या कांचेंत केली, तिचें नातें या उपनगराशीं आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे.

या कांचेवरील एका लहानशा अंकाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. युरोपांत मापनाच्या भांड्यांवर २० अंश सेल्सियस हें उष्णतामान लिहितात. भारतीय मानकाप्रमाणें तेथें २७ अंश असतात. कारण उघड आहे. विसाव्या अंशास एक लिटर शुद्ध पाण्याचें वस्तुमान ९९८.२ ग्रॅम असतें, तिसाव्या अंशास तें ९९५.७ ग्रॅम होतें. पुस्तकांतील "एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम" हें वाक्य प्रमाण मानून मुंबईच्या मे महिन्यांत भांडें तपासणारा लिटरामागें चार ग्रॅमांहून अधिक चुकतो. आपल्या हवेचा मान राखून केलेलें हें २७ अंशांचें मानक आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. शास्त्र सर्व जगाचें असतें, परंतु मोजणारा कोणत्या तरी एका ठिकाणींच उभा असतो, आणि तें ठिकाण त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

आतां प्रश्न उरतो तो उपकरणांचा नव्हे, मोजणाऱ्याचा. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या गोळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर बसविली गेली आहे; यापुढें गोळा झिजण्याची भीति नाहीं. परंतु विद्यार्थी जर उत्तर आधीं पाहून मग त्यास जुळेल असें वाचन वहींत लिहूं लागला, तर प्लांकचा स्थिरांक त्याचें काय करणार? असें वाचन लिहिणारा आणि मापाखालीं अंगठा धरणारा यांच्यांत आम्हांस भेद दिसत नाहीं. आपली परीक्षापद्धति अपेक्षित उत्तरास गुण देते आणि खऱ्या परंतु चुकलेल्या वाचनास देत नाहीं, हा दोष तिचा आहे. पण त्याचें फळ समाजास भोगावें लागतें. कारण हाच विद्यार्थी उद्यां पाण्याची परीक्षा करील, औषधाची मात्रा ठरवील, सिमेंटचा कस पाहील.

खाडीकांठच्या मिठागरांच्या जागीं घरें बांधावयाचे बेत अलीकडे वारंवार ऐकूं येतात. आगरें राहोत कीं जावोत, त्यांनीं शिकविलेला धडा जाऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. पालकांनींहि मुलास प्रयोगांत किती गुण पडले हें विचारण्याआधीं एकदां हें विचारावें कीं, बाबा, जें दिसलें तेंच लिहिलेंस ना? खरें माप देणारा वाणी आणि खरें वाचन लिहिणारा विद्यार्थी हे एकाच धर्माचे पाईक होत.