तुर्तुक : सरहद्द बदललेले गाव

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत भिंतीवर भारताचा मोठा नकाशा आहे. त्यावर लेह, कारगिल आणि स्कर्दू ही तिन्ही गावे एकाच रंगात आहेत. आम्ही बोट ठेवून दाखवतो, मुले वहीत नावे उतरवतात, तास संपतो. या नकाशावर न दिसणारी एक रेषा मात्र जमिनीवर आहे. ती आधी एका गावाच्या वरच्या अंगाला आखली गेली आणि तेवीस वर्षांनी खालच्या अंगाला सरकली. गाव मात्र होते तिथेच राहिले. त्याचे नाव तुर्तुक.

लेहहून खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडली की नुब्राचे खोरे लागते. तिथून श्योक नदीच्या काठाने खाली जात राहिले की तुर्तुक येते. लेहपासूनचे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. रस्ताभर उघडे डोंगर, आणि एकाएकी हिरवे झाड. इथले लोक बाल्टी आहेत. त्यांची बोली तिबेटी कुळातली आणि फार जुन्या वळणाची. तांदळाला ते 'ब्रस' म्हणतात. तिबेटी लिपीत हा शब्द अजून जवळपास तसाच लिहितात, पण ल्हासाच्या तोंडून तो 'र' केव्हाच गळून पडला. चौदाव्या शतकात आलेल्या मीर सय्यद अली हमदानींचे नाव या मुलखात आदराने घेतले जाते. पुढे सय्यद मुहम्मद नूरबख्श यांच्या नावाचा सूफी सिलसिला इथे रुजला. तुर्तुकमधले बहुतेक लोक नूरबख्शीच आहेत. गंमत अशी की हेच मुसलमान केसर राजाची जुनी तिबेटी महागाथाही पिढ्यान्पिढ्या गात आले.

१८४० मध्ये जोरावर सिंगाच्या डोगरा फौजेने बाल्टिस्तान जिंकले. पुढे लडाख आणि बाल्टिस्तान मिळून एकच वजारत झाली. तिची कचेरी उन्हाळ्यात लेहला आणि हिवाळ्यात स्कर्दूला असे. म्हणजे आज ज्या दोन गावांमध्ये सैन्ये समोरासमोर उभी आहेत, त्यांच्यामध्ये तेव्हा कारकून दप्तरे लादून ये-जा करीत. १९४७-४८ च्या लढाईत तुर्तुक पाकिस्तानच्या ताब्यात गेले. १९४९ ची युद्धबंदी रेषा त्याच्या पूर्वेला पडली. मग डिसेंबर १९७१ मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या हाताखालचे लडाख स्काउट्स आणि नुब्रा गार्ड्स कडाक्याच्या थंडीत श्योकच्या काठाने उतरले आणि चालुंका, तुर्तुक, त्याक्षी व थांग ही गावे भारताकडे आली. रिंचेन नुब्राचेच. १९४८ मध्ये कोवळ्या वयात त्यांना महावीर चक्र मिळाले होते, १९७१ मध्ये ते दुसऱ्यांदा मिळाले. १९७२ च्या सिमला करारानंतर ताबा रेषा नव्याने आखली गेली आणि ही गावे अलीकडे राहिली.

इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण इथे संपते. आम्हीही परीक्षेला एवढेच विचारले असते.

पण गावाची रोजची कामे लढाईला विचारून होत नाहीत. तुर्तुक लेहपेक्षा खाली आहे, थोडे उबदार आहे, म्हणून तिथे वर्षाला दोन पिके निघतात : आधी जव, मग कुट्टू. कुट्टूच्या धिरड्यांना 'किसिर' म्हणतात. डोंगरावरून वितळलेले बर्फाचे पाणी पाटांनी शेतात आणि गल्ल्यांमधून खेळवलेले असते. उन्हाळ्याच्या शेवटी गच्च्या जर्दाळूंनी केशरी होतात. गोड बियांचा मेवा होतो, कडू बियांचे तेल निघते. घरे दगड-लाकडाची. हिवाळ्यात जनावरे खालच्या मजल्यावर आणि सारे कुटुंब चुलीभोवती. आम्हाला सर्वांत नवल वाटले ते 'नांगचुंग'चे. दगडांच्या राशीत बांधलेली ही लहानशी कोठडी. फटींतून आतली गार हवा सतत वाहते, त्यामुळे भर उन्हाळ्यात दूध, लोणी, मांस टिकते. विजेचा एक दिवा नव्हता तेव्हापासून गावाजवळ हा शीतकपाट आहे.

बदलली ती गावाची दिशा. १९७१ पूर्वी तुर्तुकचे तोंड नदीच्या खालच्या बाजूला होते. बाजार, कचेरी, सोयरीक, सारे खपलू आणि स्कर्दूकडे. एका रात्रीत ते तोंड वर, लेहकडे वळवावे लागले. खिशातले चलन बदलले. मुले उर्दूच शिकत राहिली, कारण उर्दू दोन्हीकडच्या शाळांत होती. अलिफ, बे, पे तेच राहिले, इतिहासाचा धडा मात्र बदलला. उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट विसरता येत नाही.

आणि त्या रात्री जो घरी नव्हता, तो पलीकडचाच झाला. कोणी मजुरीला गेला होता, कोणी शिकायला, कोणी नातेवाइकांकडे. काही घरांत नवरा तिकडे राहिला आणि बायको-मुले इकडे. अशा बाईला बेवा म्हणता येईना, तलाक झालेला नाही, आणि शौहर बेपत्ताही नाही. तो कुठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. फिकहच्या किताबांत गायब शौहराचा मसला आहे, पण शौहर नदीच्या पुढच्या वळणावर बसलेला असेल तर काय करावे? भेटायचे तर पासपोर्ट, व्हिसा, दिल्ली, अटारी, लाहोर, इस्लामाबाद आणि तिथून परत उत्तरेला डोंगर चढून खपलू. इतका खर्च किती जणांना झेपणार? २००५ मध्ये श्रीनगर-मुजफ्फराबाद बस सुरू झाली तेव्हा लडाखलाही आशा वाटली, कारगिल-स्कर्दू रस्ता उघडण्याची मागणी जोर धरू लागली. तो रस्ता उघडला नाही. श्रीनगरची बसही २०१९ मध्ये थांबली, आणि एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकीही भारताने बंद केली.

दरम्यान १९९९ च्या कारगिल युद्धात तुर्तुकच्या वरच्या शिखरांवर पुन्हा गोळीबार झाला. राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळाले आणि त्या भागाला त्यांचे नाव दिले गेले. २०१० मध्ये गाव पर्यटकांसाठी उघडले. घरांत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, जर्दाळूला गिऱ्हाईक दाराशी आले. पुढे मोबाईलवर पलीकडचे चेहरे दिसू लागले. ज्यांना जवान असताना निरोप दिला होता, ते पांढऱ्या दाढीने पडद्यावर आले.

१९४० च्या सुमारास तुर्तुकमध्ये जन्मलेला माणूस आधी डोगरा रियासतीत राहिला, मग पाकिस्तानात, मग भारतात आणि २०१९ पासून लडाख केंद्रशासित प्रदेशात. यातल्या एकाही वेळी त्याने घर सोडलेले नाही.

या बाजूचे शेवटचे गाव थांग. तिथून पलीकडच्या फरानूची घरे आणि झाडे दिसतात. पर्यटक दुर्बिणीतून पाहतात. १९७१ पर्यंत थांगचे लोक तिथे पायी जात असत.