बंधुत्वाचे दार

महाविद्यालयात प्रथम पाऊल टाकणाऱ्या मुलास पुस्तकांइतकीच सोबत्यांची गरज असते. अमेरिकेत या गरजेतून विद्यार्थ्यांचे बंधुसंघ निर्माण झाले. त्यांची परंपरा १७७६ साली विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कप्पा’पर्यंत मागे जाते. पुढे प्रवेशाची एक रीत रूढ झाली. नवागताने निरनिराळ्या संघांच्या निवासांना भेटी द्यावयाच्या, सभासदांनी त्यास पारखावयाचे आणि पसंत पडल्यास आमंत्रण धाडावयाचे. या रीतीत स्नेह आहे, तसा नकारही आहे. कृष्णवर्णीय मुलांना बहुतेक संघांची दारे दीर्घकाळ बंदच होती. म्हणून १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा आपला संघ उभारला.

आपणांस हा प्रश्न परका नाही. पन्हाळ्याच्या परिसरात शिवा काशीद यांचे स्मारक आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, तेव्हा नेबापूरच्या या नाभिक वीराने महाराजांचा वेष धारण करून मरण पत्करले. त्या रात्री कोणी कोणाचे कूळ विचारले नाही. परंतु पुढे अडीचशे वर्षांनी याच डोंगरी मुलखातून कोल्हापुरास शिकावयास येणाऱ्या गरीब मुलापुढे पहिला प्रश्न उभा राही तो हा, की राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोणाकडे? त्याचे उत्तर जातीवर ठरे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. पण ब्राह्मणेतर विद्यार्थी तेथे टिकले नाहीत. तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहे उभी राहिली. ख्रिस्ती विद्यार्थ्यांचीही सोय झाली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. प्रत्येक समाजास छप्पर मिळाले, हे मोठेच कार्य होय. मात्र येथे प्रवेशाची कसोटी जन्म हीच राहिली.

ही मर्यादा एका विद्यार्थ्याने उघड केली. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन वसतिगृहात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्या नकाराचे फळ पुढे दिसले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उघडले. तेथील मुले एका पंक्तीस जेवत, एकत्र श्रम करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या राजाने वेगवेगळी दारे उघडली, त्याचेच नाव सर्वांच्या एका दारावर लागले, हे आम्हांस उचितच वाटते.

वसतिगृहाचे जीवन आम्हीही अनुभवले आहे. आपल्यासारख्यांत मिसळणे सोपे असते. त्यात धीरही मिळतो, म्हणून त्यास कमी लेखू नये. पण आज आपली मुले शिक्षणासाठी दूरदूर जातात. कोणत्या गटाने आपणांस निवडले, एवढेच त्यांनी पाहू नये. दाराबाहेर कोण उभा राहिला, हेही त्यांनी पाहावे, इतके तरी पालकांनी त्यांना शिकवून पाठवावे.