इंजिनाविना धावणारी गाडी

1 नोव्हेंबर 1958 रोजी जपानमध्ये तोक्यो व ओसाका यांच्या दरम्यान ‘कोदामा’ ही मोजक्याच स्थानकांवर थांबणारी विद्युत्‌गाडी धावू लागली. तिला ओढण्यास निराळे इंजिन नव्हते. डब्यांखालीच मोटारी बसविलेल्या. याच जातीची आपली ‘वंदे भारत’ फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईहून सोलापुरास आली, आणि मार्च 2024 मध्ये दुसरी बेंगळुरू-कलबुर्गी सुरू झाली. दुसरीला मंत्रालयम् रोडचा थांबा मिळाला, हे राघवेंद्रभक्तांचे भाग्यच म्हणावयाचे! दत्तभक्तांचे गाणगापूर रोड मात्र सोलापूर व कलबुर्गी यांच्या मधल्या पट्टीत असल्याने दोन्ही गाड्यांच्या मूळ आखणीबाहेर राहिले. 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोहोचलेल्या या जुन्या लोहमार्गावर संगमस्नानास निघालेल्या यात्रेकरूस इतर गाड्यांचाच आधार उरला.